आगोटीची बेगमी



स्मरणिकेसाठी लेख दे, असा समितीचा निरोप आला तेव्हा वाटलं, आपणही शाळेच्या घंटेच्या, बाकांच्या आणि छड्यांच्या आठवणी लिहाव्यात. पण त्या इतरांनी माझ्यापेक्षा चांगल्या लिहिल्या असतील. शिवाय गेली पाच-सहा वर्षं माझ्या डोक्यात दुसराच विषय घोळतो आहे. पाताळगंगेच्या बाजूला आमच्या वडिलांच्या वाट्याची वीस गुंठे भातशेती आहे. ती विकायची की ठेवायची, यावर आम्हा भावंडांत मतभेद आहेत. चाळीस वर्षं बँकेत आकडेमोड केलेला माणूस मी, म्हणून आधी हिशेब मांडला. तो जमेना, म्हणून इतिहास वाचायला घेतला. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो. इतिहासाच्या बाईंना यात चुका सापडतील. त्यांनी तेव्हासारखाच लाल शाईने खुणा कराव्यात.

आपलं पनवेल मुळात काही आत्मनिर्भर खेडं नव्हतं. ते बंदर होतं. मुंबईहून माल आणि माणसं मचव्यातून खाडीने पनवेलला यायची आणि इथून बैलगाडीने घाट चढायची. बोरघाटाचा रस्ता १८३० मध्ये खुला झाला आणि पनवेलची भरभराट झाली. घाटावरून उतरणाऱ्या गाड्यांची चाकं इथे बदलली जात. पनवेलच्या चाकांचं नाव होतं. १८५२ मध्ये इथे नगरपालिका आली, ती याच वैभवाच्या दिवसांत. पुढे १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. ती कर्जतमार्गे गेली, पनवेलला वगळून. पुण्याची वाहतूक रुळांवर गेली आणि बंदराचं महत्त्व ओसरत गेलं.

आपल्या गावाने पाहिलेली अर्थव्यवस्थेची पहिली मोठी उलथापालथ ही. आज कारखाना बंद पडला की आपण हळहळतो. तेव्हा तर अख्ख्या रस्त्याचंच काम गेलं. लोक तगले ते मागच्या शेतीवर. भात, मिठागरं, मासळी आणि डोंगरातलं लाकूडफाटा या चार गोष्टींवर हा तालुका पुढची शंभर वर्षं उभा राहिला.

त्या शेतीचं गणित आपल्यातल्या गावाकडून येणाऱ्या मुलांना पाठ होतं. आम्हा पेठेतल्या मुलांना ते सुट्टीत कळायचं. माझ्या आजोबांची तेव्हा दीड एकर जमीन होती. चांगल्या वर्षी तीस-बत्तीस मण भात यायचं. कांडून तांदूळ व्हायचा वीसएक मण. घरात खाणारी तोंडं सात. मार्गशीर्षात कणगी भरली की श्रावणापर्यंत ती पुरायची. भाद्रपद आणि आश्विन ओढाताणीचे. तेव्हा वरी, नाचणी आणि रानातली भाजी. भात कापल्यावर जमिनीत जी ओल उरे तिच्यावर वाल पेरायचे. पाणी द्यावं लागत नसे. त्याच वालाच्या शेंगांची, भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात भाजलेली पोपटी जानेवारीच्या थंडीत आपण सगळ्यांनी खाल्ली आहे. दहावीच्या वर्षी वर्गाने केलेली पोपटी करपली होती आणि तरीही मडकं रिकामं झालं होतं, हे मी इथे नोंदवून ठेवतो.

आणि आगोट. हा शब्द आपल्या नातवंडांना माहीत नाही. मृगाआधी चार महिन्यांची बेगमी करायची ती आगोट. सुकट, सुके बोंबील, मीठ, मिरची, कांदे, सरपण, गोवऱ्या. एकदा पाऊस लागला की बाजाराचा रस्ता चिखलात जायचा, म्हणून जे लागेल ते आधी घरात. आजीची आगोट पूर्ण झाली की ती ओटीवर बसून निवांत म्हणायची, आता पडू दे हवा तेवढा. बँकेत आम्ही ज्याला तरतूद म्हणायचो ती याहून वेगळी नव्हती.

हे सगळं वाचताना छान वाटतं. पण इतिहास वाचायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की हे स्वावलंबन कधीच पूर्ण नव्हतं आणि कधीच फुकट मिळालं नव्हतं. भाताच्या रोपांसाठी राब भाजावा लागतो. राबाला पालापाचोळा, फांद्या लागतात. त्या जंगलातून आणायच्या आणि जंगलावर सरकारचा पहारा. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरला अक्कादेवीच्या माळावर जो जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात आपली माणसं हुतात्मा झाली, त्यामागे स्वराज्याची आस होती, तसा शेतकऱ्याचा हा रोजचा प्रश्नही होता. शाळेत आपण तो धडा तारखेसाठी पाठ केला. राबाशी त्याचा संबंध मला साठीनंतर कळला.

त्याच दशकात जागतिक मंदीने धान्याचे भाव कोसळले. खोताचा खंड मात्र कमी झाला नाही. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये संप केला. खोतांची जमीन कसायचीच नाही, असा निर्धार. तो १९३९ पर्यंत टिकला. सहा पावसाळे लावणीशिवाय! जंगलातलं लाकूड विकून, मासे धरून, मिळेल ती मजुरी करून लोक जगले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांना पाठिंबा दिला. पुढचे कूळकायदे आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन या वाटेवरच येतात. त्या दिवसापासून कसणारी कुळं जमिनीची मालक मानली गेली. आमच्या आजोबांच्या नावावर दीड एकर लागली ती या कायद्यामुळे. म्हणजे ज्या वीस गुंठ्यांवर आम्ही भावंडं वाद घालतो, ती कुणाच्या तरी उपासमारीतून आलेली आहेत.

आता आपल्या काळाकडे येतो. आपण प्राथमिक शाळेत होतो तेव्हा लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं होतं. माध्यमिक शाळेत आलो तेव्हा १९७२ चा दुष्काळ. आपल्याकडे पाऊस बरा असला तरी रेशनवर अमेरिकेची लाल मिलो यायची. तिच्या भाकरीचा रंग आठवतो ना? मग १९७३ चं तेलसंकट, रॉकेलच्या रांगा, १९७४ चा रेल्वे संप. वडिलांचा पगार तोच आणि वाण्याची यादी मात्र दर महिन्याला जड. त्या दोन वर्षांत आमच्या घरी गावाहून तांदूळ आला नसता तर माझी फी भरली गेली असती की नाही, सांगता येत नाही.

याच सुमारास आपली कर्नाळ्याची सहल गेली होती. पक्षी थोडे दिसले, माकडांनी डबे पळवले. येताना एसटी पुढे तारा गावापर्यंत नेऊन वळवली होती. तिथे मुंबईहून डॉक्टर येतात आणि गावकऱ्यांना तपासतात, असं सरांनी सांगितलं. आपल्याला त्यात काही रस नव्हता. पण पनवेल तालुक्यात साध्या, स्वावलंबी ग्रामजीवनाचा सर्वांत चिवट प्रयोग कोणता, असं मला आज विचाराल तर मी त्याच गावाचं नाव घेईन.

युसुफ मेहेरअली हे मुंबईचे समाजवादी नेते. १९२८ मध्ये ‘सायमन गो बॅक’ आणि १९४२ मध्ये ‘क्विट इंडिया’ हे शब्द देशाला देणारे. १९४२ मध्ये ते मुंबईचे महापौर होते. १९५० मध्ये, पन्नाशीही न गाठता ते गेले. त्यांच्या नावाने डॉ. जी. जी. परीख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये युसुफ मेहेरअली सेंटर स्थापन केलं आणि पुढे ताऱ्याला काम उभं केलं. सुरुवात दवाखान्यापासून. मग शाळा, आदिवासी मुलींसाठी वसतिगृह आणि ग्रामोद्योग. तेलघाणी, साबण, कुंभारकाम, सुतारकाम, बेकरी, गांडूळखत. डॉ. परीख स्वतः बेचाळीसच्या लढ्यात तुरुंगात गेलेले, आणीबाणीत पुन्हा गेलेले. अंगावर आयुष्यभर खादी.

निवृत्तीनंतर मी तिथे दोन-तीनदा जाऊन आलो. घाणीपाशी बराच वेळ उभा राहिलो. साधारण अडीच किलो शेंगदाण्यांतून एक किलो तेल निघतं. उरलेली पेंड गुरांना. गुरांचं शेण शेताला. दाणे इथले, मजुरी इथली, पेंड इथली. बाटलीबंद तेल आणलं तर यातलं काहीच गावात राहत नाही. त्याउलट घाणीचं तेल महाग पडतं, हेही खरं. गरीब माणूस दुकानात पुडीचं तेल घेतो आणि घाणीचं तेल शहरातला सुखवस्तू माणूस घेतो. ग्रामोद्योगाचं हे जुनं दुखणं आहे आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या बाजूला १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घ्यायचं ठरलं. आपल्या वर्गातल्या किती जणांच्या घरची शेती त्यात गेली, ते तुम्हीच आठवा. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले. त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व मान्य झालं. काही घरांत त्या भूखंडांतून सुबत्ता आली. काही घरांत पैसा आला तसा गेला. गाडी आली, बंगला आला आणि मग घरात पेरायला काही उरलं नाही. दोन्ही प्रकारचे मित्र आपल्यात आहेत. कुणाचं चुकलं हे ठरवायचा मला अधिकार नाही, कारण माझ्या घरात महिन्याच्या महिन्याला पगार येत होता.

इथे एका मित्राचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. सातवीत माझ्या शेजारी बसणारा एक कातकरी मुलगा होता. झाडं, मासे, पाखरं यांची त्याला जेवढी माहिती होती तेवढी आपल्या विज्ञानाच्या पुस्तकात नव्हती. साध्या, निसर्गाजवळच्या जगण्याचं कौतुक करायचं तर ते त्याच्या घरचं करावं लागेल. पण त्यांच्याकडे जमीन नव्हती. पावसाळ्यात वडिलांनी उचल घेतली आणि दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर गेलं. तो परत शाळेत आला नाही. आपल्या सुवर्णमहोत्सवी यादीत त्याचं नाव नाही, कारण यादी दहावीच्या हजेरीपटावरून केली आहे. जमीन नसेल तर हातातली सगळी कला असूनही माणूस स्वावलंबी होत नाही, हे मला इतिहासाआधी त्याने शिकवलं होतं. मला ते कळायला मात्र पन्नास वर्षं लागली.

टाळेबंदीत, २०२० च्या उन्हाळ्यात, मी वीस गुंठ्यांकडे पहिल्यांदा गंभीरपणे पाहिलं. महामार्गावरून माणसं पायी गावाकडे निघाली होती. त्या पावसाळ्यात शेजाऱ्यांच्या मदतीने भात लावलं. आवणीला सावड केली. त्यांची माणसं आमच्याकडे, आम्ही त्यांच्याकडे. एकसष्टाव्या वर्षी माझ्या कामाला सावडीत काय मोल येणार! पण त्यांनी मला चहा आणायचं आणि मुठी पोचवायचं काम दिलं आणि ते मोजलं. पाच क्विंटल भात झालं. बियाणं, नांगरणी, मजुरी धरून हिशेब केला तर दुकानातला तांदूळ स्वस्त पडला असता. दुसऱ्या वर्षी कापणीच्या वेळी पाऊस आला आणि निम्मं भात आडवं झालं. वाल मात्र दरवर्षी आले.

म्हणून या लेखातून ‘गावाकडे चला’ असा उपदेश मी करणार नाही. जे कळलं ते एवढंच. या तालुक्यात ज्यांनी वाईट काळ काढला, त्यांनी तो एकट्याने काढला नाही. बंदर बसल्यावर, मंदीत, मिलोच्या वर्षांत, प्रत्येक वेळी शेत, जंगल, खाडी आणि शेजारी हे चारही लागले. त्यातलं एक तुटलं की उरलेल्यांवर भार आला. आज खाडीत भराव आहे, डोंगर खडीसाठी फुटत आहेत आणि शेजारी बदलले आहेत. अशा वेळी वीस गुंठे ठेवण्यात शहाणपण किती, हा माझ्या धाकट्या भावाचा प्रश्न चुकीचा नाही.

२ ऑक्टोबर २०२५ ला डॉ. परीख गेले. वयाची शंभरी पूर्ण झालेली होती. त्यानंतर सहा दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, आपल्या उशाशी नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. दहा गावं उठून ती धावपट्टी झाली आहे. मी दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात वाचल्या. माझी नात विमानतळावर नोकरी मिळावी म्हणून प्रशिक्षण घेते आहे आणि मला त्याचा आनंदच आहे. तिच्या पगारावर आमच्या घराची एक बाजू उभी राहील. दुसरी बाजू कशावर उभी राहील, एवढंच मी विचारतो.

दिवाळीत आम्ही भावंडं पुन्हा बसलो. ठरलं ते असं: अजून पाच वर्षं जमीन विकायची नाही. शेजारचं एक भूमिहीन कुटुंब ती आमच्याबरोबर कसेल, आणि पीक निम्मं निम्मं, कागदावर लिहून. पाच वर्षांनी भाऊ पुन्हा हिशेब मागणार आहे. मी तो देईन.

तोवर एक विनंती. संमेलनाला सगळे जमणारच आहोत. वाल यंदा चांगले आहेत. रविवारी शेतावर पोपटी करू. पंचाहत्तरची करपलेली मडकी आठवून आग या वेळी मी स्वतः सांभाळीन. सर आणि बाईंना आणायला गाडी पाठवतो. आणि सातवीतल्या आपल्या त्या मित्राचा पत्ता कुणाला ठाऊक असेल, तर कृपया मला कळवा.