विधिग्राह्य चलन (भारत)
देणे फेडण्यासाठी कायद्याने ग्राह्य ठरवलेला पैसा. रिझर्व्ह बँक अधिनियम, 1934 च्या कलम 26 नुसार बँकेची नोट देशात कुठेही तिच्यावरील रकमेइतकी ग्राह्य असते. नाण्यांना मर्यादा आहे: 2011 च्या नाणे अधिनियमानुसार रुपया व त्यावरील नाणी एका वेळी 1,000 रुपयांपर्यंत, तर पन्नास पैशांची 10 रुपयांपर्यंतच चालतात.

दुकानदार रोख नाकारू शकतो का? इथे ‘देणे’ हा शब्द कळीचा. खाणावळीत जेवण झाले की देणे उभे राहते. तेव्हा पुढे केलेली नोट हे कायद्याने ग्राह्य फेडीचे साधन असते. विक्री ठरण्याआधीच ‘फक्त यूपीआय’ अशी पाटी लावलेली असेल, तर प्रश्न तितका सरळ राहत नाही. साधा फोन वापरणाऱ्या आजीबाईंची मात्र अशा पाटीसमोर खरीच अडवणूक होते, आणि ती अन्यायाची आहे. दहाच्या नाण्याचेही तेच. त्याचे 14 नमुने वैध असल्याचा खुलासा रिझर्व्ह बँकेने 2018 मध्ये केला, तरी ‘हे चालत नाही’ म्हणत ते परत केले जाते.

उलट, काही वेळा रोख नाकारणे बंधनकारक असते: 2017 पासून प्राप्तिकर कायद्यानुसार एका व्यवहारात दोन लाख वा अधिक रोख घेणाऱ्यास तेवढाच दंड होऊ शकतो.