गादीत काय भरले आहे? खामगावचा कापूस, पिंजारी आणि गिऱ्हाईक

१/
मराठी इतिहासात ‘गादी’ हा शब्द आला की सातारा आणि कोल्हापूर आठवतात. १७३१ च्या वारणेच्या तहाने छत्रपतींच्या या दोन गाद्यांच्या सीमा ठरल्या, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. ज्या वस्तूवरून हा मान आला, त्या कापसाच्या गादीचा इतिहास मात्र क्वचितच सांगितला जातो. तो सांगण्यास बुलढाणा जिल्ह्यातील खामगावइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. त्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा डोके वर काढतो : आत काय भरले आहे, हे विकत घेणाऱ्याने ओळखावे कसे?

२/
खामगावचा व्यापार साधारण १८२० च्या सुमारास सुरू झाला. तूप, सूत आणि थोडासा कापूस, एवढीच तेव्हाची उलाढाल. पुढे १८५३ च्या तहाने निजामाचा वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. अमेरिकेचा कापूस अडकला, लँकेशायरच्या गिरण्या उपाशी राहिल्या आणि त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर स्थिरावली.

३/
युद्ध १८६५ मध्ये संपले, भाव कोसळले. पण खामगाव आता मागे हटणार नव्हते. १८६७ मध्ये मुख्य लोहमार्ग नागपूरपर्यंत पोहोचला होता. त्यावरील जलंब स्थानकापासून खामगावपर्यंत सुमारे १३ किलोमीटरचा खास फाटा टाकण्यात आला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः त्याच्या उद्घाटनाला आला. एका तालुक्याच्या गावाला व्हाइसरॉय येतो, तो केवळ कापसासाठी! त्या काळी एका हंगामात कापूस लादलेले लाखाहून अधिक बैल या बाजारात येत, अशी सरकारी गॅझेटियरची नोंद आहे. (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, बुलढाण्यात ते १९०५ च्या फेररचनेत आले.)

४/
एवढा पैसा जिथे फिरतो तिथे लबाडीही येते. कापसावर पाणी शिंपडले की वजन वाढते. वाळू, सरकी, पालापाचोळा मिसळला की आणखी वाढते. चांगल्या रुईच्या पोटात हलकी रुई दडवून वरून गाठ बांधली, तर लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला ती फोडल्याशिवाय काही कळत नसे. हा प्रकार इतका बोकाळला होता की १८६३ मध्ये मुंबई सरकारने कापसातील लबाडीला आळा घालणारा स्वतंत्र कायदाच केला आणि तपासनीस नेमले.

५/
वऱ्हाडात पुढचे पाऊल १८८६ मध्ये कारंजा येथे पडले. हैदराबादच्या रेसिडेंटच्या आदेशाने तेथे नियमबद्ध कापूस बाजार सुरू झाला. त्यानंतर १८९७ मध्ये वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा आला : बाजारासाठी समिती, दलाल व मापाडी यांना परवाने, ठरलेली हक्कसाय. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांचे मूळ येथे आहे. समितीवर मात्र वर्चस्व व्यापाऱ्यांचेच राहिले. पुढे १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि क्रमांक बंधनकारक केला. गाठ लिव्हरपूलला उघडो की ओसाकाला, ती कोणत्या प्रेसमधून आली हे सांगता येऊ लागले.

६/
आता या सर्व कायद्यांकडे जरा तिरकस नजरेने पाहावे. संरक्षण कोणाला मिळाले? हजारो मैलांवरच्या गिरणीमालकाला. खामगावच्या पेठेत लेकीच्या लग्नासाठी दहा किलो रुई घेणाऱ्या गिऱ्हाइकाच्या मालावर कोणाचीही खूण नसे, कोणी तपासनीस त्याच्या घरी येत नसे. तरीही तो फारसा फसत नसे. याचे कारण कायदा नव्हते. ते होते पिंजारी.

७/
पिंजारी दुकान मांडून बसत नसे. तो गिऱ्हाइकाच्या अंगणात येई. खांद्यावर भलीमोठी धनुकली, तिला जनावराच्या आतड्याची ताणलेली तात, हातात लाकडी ठोकळा. तात रुईच्या ढिगात धरून ठोकळ्याने छेडली की तिच्या कंपनाने तंतू सुटे होत, कचरा खाली झडत असे आणि दबलेला गोळा ढगासारखा फुलून येई. त्या तातेचा घुमणारा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येई. मग ती रुई घरच्याच खोळीत भरायची, काठीने सारखी करायची आणि लांब सुईने जागोजागी टाके घालून बांधायची, म्हणजे ती एका बाजूला सरकत नाही.

८/
रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी १९१६ च्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात या समाजाची माहिती दिली आहे. बहना, धुनिया, पिंजारी अशी त्याची नावे. धर्माने बहुतांश मुसलमान, चालीरीती पुष्कळशा आसपासच्या हिंदूंसारख्या. त्याच ग्रंथात एक गमतीची लोककथा आहे. रानातून चाललेल्या पिंजाऱ्याच्या खांद्यावरची धनुकली पाहून कोल्ह्याला तो बाणधारी सुलतान वाटतो, पिंजाऱ्याला तो कोल्हा वाघ वाटतो, आणि दोघेही भीतीपोटी एकमेकांची थोरवी गातात. विनोद पिंजाऱ्याच्या गरिबीवर आहे, हे उघड आहे. दिवसभर तंतूंची धूळ छातीत ओढणाऱ्या या माणसाला तोंडावर बांधलेल्या फडक्याखेरीज कसलेही संरक्षण नव्हते.

९/
पण खरेदीच्या दृष्टीने या पद्धतीची मोठी खुबी अशी की, सारे काही गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत उकलले जाई. रुई ओली असेल तर धनुकलीवर ती नीट फुलत नाही. सरकीची फुटलेली टरफले, पानांचा काळा चुरा खाली पडतो आणि दिसतो. जुन्या चिंध्या पुन्हा पिंजून मिसळल्या असतील तर रंगीत धागे लपत नाहीत. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला जे गाठ फोडल्यावर कळे, ते खामगावच्या गृहिणीला खोळ शिवण्याआधीच कळत होते.

१०/
येथे वऱ्हाडच्या कापसाचा एक विरोधाभास लक्षात घेण्याजोगा आहे. जुना ‘बनी’ कापूस तलम, तुलनेने लांब धाग्याचा. पण त्याला रुई कमी सुटे. म्हणून शेतकरी ‘जरी’ नावाच्या काटक, लवकर येणाऱ्या आणि जास्त उतारा देणाऱ्या मिश्र कापसाकडे वळले. (सोन्याच्या जरीशी या नावाची गल्लत करू नये.) धागा अखूड आणि खरबरीत, म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याबद्दल सतत नाके मुरडली. सूत काढणाऱ्याच्या दृष्टीने त्यांचे खरेही होते. गादी भरणाऱ्याचे गणित वेगळे : जाड, खरबरीत तंतू दाबला तरी पुन्हा उसळी घेतो, तलम तंतू लवकर चपटा होतो. मँचेस्टरने ज्याला हलका ठरवले, तोच देशी कापूस पाठीला मानवला.

११/
तो पिकवणाऱ्याच्या पाठीला मात्र क्वचितच. कापूस हे रोख पीक. सावकाराचे देणे आणि सरकारचा सारा त्यातून फिटायचा. दलाल रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरवत आणि शेतकरी वरचा रुमाल तेवढा पाहत राही. १८९९–१९०० च्या दुष्काळात याच कापसाच्या मुलखात माणसे अन्नावाचून मेली. वऱ्हाडी शेतकऱ्याच्या घरी अंथरायला बहुधा जुन्या लुगड्यांची गोधडी किंवा घोंगडे असे. कापसाची जाड गादी आणि तक्क्या ही पेढीवरची, शेठसावकारांची बैठक. ‘गादीवर बसणे’ हा वाक्प्रचार व्यापाऱ्यांतही रूढ झाला, तो उगाच नव्हे.

१२/
पिंजाऱ्याचा धंदा दोन टप्प्यांत आक्रसला. आधी जिनिंग कारखाने आले आणि कापूस स्वच्छ करण्याचे बरेचसे काम यंत्राकडे गेले. मग विजेवर चालणारी पिंजण यंत्रे आली. धनुकली अंगणातून उठली आणि गिऱ्हाईकच दुकानात जाऊ लागले. दरम्यान १९६२ मध्ये ‘कर्ल-ऑन’ची सुरुवात झाली आणि रबर लावलेल्या काथ्याची गादी देशभर पोहोचली. त्यामागून फोम आला. या गाद्या शिवून, बंद होऊनच येतात. आत काय आहे हा प्रश्न पुन्हा लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यासारखा झाला.

१३/
अमेरिकेने हा अनुभव आधीच घेतला होता. तेथे कारखान्यात शिवलेल्या गाद्यांत चिंध्या आणि जुन्या, घाणेरड्या अंथरुणांतले भरण सापडू लागल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी एकेका राज्याने कायदे केले : आतील भरण नवे की जुने आणि कशाचे, हे सांगणारी चिठ्ठी गादीला शिवलेली असलीच पाहिजे. गिऱ्हाइकापर्यंत पोहोचण्याआधी ती फाडणे गुन्हा. अंगणातल्या पिंजाऱ्याची जागा तेथे कागदाच्या चिठ्ठीने घेतली.

१४/
आज गादी घेणाऱ्यास जुन्या गिऱ्हाइकाची रीत अजून उपयोगी पडते. कापसाची गादी घ्यायची तर तयार शिवलेली घेण्यापेक्षा रुई वजनावर घेऊन समोर पिंजून, भरून घ्यावी. एकेरी गादीला साधारण ८ ते १० किलो रुई लागते. म्हणजे आजच्या १७० किलोच्या एका गाठीत सतरा-अठरा गाद्या सहज होतात. मूठभर रुई घट्ट दाबून सोडावी : चांगली उसळते, ओली वा कुजकट गोळा होऊन राहते. नाकाशी धरावी, कुबट वास लपत नाही. तंतू ओढून पाहावा. भुकटी हातात आली तर तो गिरणीतला टाकाऊ माल समजावा.

१५/
हंगामही महत्त्वाचा. कापूस हवेतला ओलावा ओढून घेतो, म्हणून भर पावसाळ्यात घेतलेल्या रुईत पाण्याचेही पैसे मोजले जातात. नवा कापूस दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत बाजारात असतो, हवाही कोरडी असते. खोळ दाट विणीची असावी, नाही तर तंतू बाहेर येतात. दोन-तीन वर्षांनी रुई दबली की तीच पुन्हा पिंजता येते; गादी फेकावी लागत नाही. मधल्या काळात महिन्यातून एकदा कडक ऊन दाखवले तरी पुष्कळ.

१६/
फोमची गादी घेताना उंचीवर भुलू नये. घनता विचारावी, म्हणजे एका घनमीटरला किती किलो. घनता कमी असलेला फोम दुकानात तितकाच मऊ लागतो आणि वर्षा-दोन वर्षांत मधोमध खड्डा पडतो. खोळीला साखळी असेल तर ती उघडून आतले थर दाखवण्यास सांगावे, आणि बिलावर प्रत्येक थराचे नाव, जाडी व घनता लिहून घ्यावी. काही दुकानांत फोमचा कापलेला नमुना ठेवलेला असतो. तोही अंगठ्याने दाबून, किती वेळात वर येतो ते पाहावे.