जीर्णोद्धार आणि जतन : अमेरिकेतील वाहनसंग्रहालयांपुढील एक प्रश्न

ताम्रपट किंवा नाणे इतिहासाच्या अभ्यासकाच्या हाती येते, तेव्हा त्याच्यावरील झीज हीदेखील पुराव्याचाच भाग मानली जाते. वाहनाची गोष्ट निराळी आहे. वाहन वापरात असते तोवर त्याचे टायर बदलतात, रंग बदलतो, प्रसंगी इंजीनही बदलते. असे वाहन पुढे संग्रहालयात येते, तेव्हा त्याच्या दीर्घ आयुष्यातील कोणत्या दिवसाचे रूप प्रेक्षकांपुढे ठेवावयाचे, असा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेतील संग्रहालयांनी या प्रश्नाची परस्परभिन्न उत्तरे दिली आहेत.

या संग्रहालयांच्या परंपरेत हेन्री फोर्ड यांना मानाचे स्थान आहे. इतिहास म्हणजे बव्हंशी निरर्थक बडबड होय, असे उद्गार याच फोर्ड यांनी १९१६ साली 'शिकागो ट्रिब्यून'च्या प्रतिनिधीपाशी काढले होते. पुढे त्याच वृत्तपत्रावर त्यांनी भरलेल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात, १९१९ साली, त्यांच्या इतिहासविषयक अज्ञानाचे जाहीर प्रदर्शन झाले. तथापि त्यांचा आक्षेप राजे व लढाया यांच्या इतिहासावर होता. सामान्य माणसाचा इतिहास त्याच्या अवजारांतून व वाहनांतून वाचावा, या धारणेने त्यांनी मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे संग्रहालय उभारले आणि २१ ऑक्टोबर १९२९ रोजी त्याचा समर्पण-समारंभ झाला. वस्तू हाच ग्रंथ, ही त्यामागील भूमिका होय. परंतु वस्तू जर ग्रंथ असेल, तर ग्रंथाप्रमाणेच तिलाही पाठभेद असणार, हे ओघानेच आले.

'मूळ पाठ' ही कल्पना मोटारीच्या बाबतीत किती अवघड आहे, हे ड्यूसेनबर्ग गाड्यांवरून स्पष्ट होते. इंडियाना राज्यातील ऑबर्न येथे कंपनीच्या १९३० साली बांधलेल्या इमारतीतच १९७४ पासून ऑबर्न, कॉर्ड व ड्यूसेनबर्ग या गाड्यांचे संग्रहालय आहे. ड्यूसेनबर्ग कंपनी प्रायः इंजिनासह चासी तयार करीत असे व तिच्यावरील बॉडी गिऱ्हाइकाच्या इच्छेनुसार अन्य कारागीर बांधीत. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्या प्रसिद्ध ड्यूसेनबर्गची चासी अमेरिकेतील, तर बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांच्या कारखान्यातील होती. कित्येक ड्यूसेनबर्ग गाड्यांच्या बॉड्या पुढे बदलल्या गेल्या. अशा गाडीचे मूळ रूप कोणते, हे एका शब्दात सांगता येत नाही.

नेवाडा राज्यातील रीनो येथील 'टॉमस फ्लायर' या गाडीच्या बाबतीत मूळ रूपाचा आग्रहच सोडून देण्यात आला. १२ फेब्रुवारी १९०८ रोजी न्यूयॉर्कहून सुटलेल्या न्यूयॉर्क–पॅरिस स्पर्धेत ही गाडी १६९ दिवसांनी विजयी ठरली. जर्मनीची 'प्रोटोस' गाडी तिच्या आधी पॅरिसला पोहोचली होती. परंतु काही प्रवास रेल्वेने केल्याबद्दल तिला दंड झाला होता. पुढे विल्यम हॅरा या संग्राहकाने ही टॉमस फ्लायर मिळविली. तिचा वृद्ध चालक जॉर्ज शूस्टर याच्याकडून ओळख पटवून घेतल्यानंतर ती कारखान्यातून निघाल्यासारखी चकचकीत न करता, स्पर्धा संपतानाच्या स्थितीत आणण्यात आली. हा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. तरीही ती झिजलेली स्थिती काही अंशी नव्याने घडविलेली आहे, हे नाकारता येत नाही.

डिअरबॉर्नच्या संग्रहालयातील दोन वाहने परस्परांशेजारी ठेवून पाहावीत. पहिले म्हणजे २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलस येथे अध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, त्या वेळी ते बसलेली लिंकन मोटार. घटनेनंतर तिला चिलखती पत्रा व कायमचे छप्पर बसवून ती पुन्हा सेवेत घेण्यात आली व १९७७ पर्यंत वापरात राहिली. प्रेक्षक डॅलसची उघडी गाडी मनात धरून येतो आणि त्याला बंद गाडी दिसते. येथे संग्रहालयाने काळ मागे फिरविलेला नाही.

दुसरे वाहन म्हणजे माँटगोमेरी शहरातील २८५७ क्रमांकाची बस. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स यांनी गोऱ्या प्रवाशासाठी जागा सोडण्यास याच बसमध्ये नकार दिला. सेवेतून निवृत्त झाल्यावर ती अलाबामातील एका शेतात सुमारे ३० वर्षे गंजत पडली होती. तिची आसने व इंजीन काढून घेण्यात आले होते. तत्कालीन बस-अधिकाऱ्याने ठेवलेल्या कात्रणवहीत हा क्रमांक टिपलेला होता, त्यावरून तिची ओळख पटली. २००१ साली संग्रहालयाने ती ४,९२,००० डॉलरांना लिलावात घेतली आणि १९५५ च्या रूपात आणून २००३ साली प्रदर्शित केली. आज प्रेक्षक तिच्यात चढून आसनावर बसू शकतो. गंजलेला सांगाडा तसाच ठेवला असता तर त्या घटनेकडे झालेले दुर्लक्ष दिसले असते. परंतु तो नकार ज्या जागेवर घडला, ती जागा दिसली नसती. एका सत्यासाठी दुसऱ्याचा त्याग करावा लागला.

या त्यागाविरुद्ध फिलाडेल्फिया येथील फ्रेडरिक सिमिओनी यांनी आवाज उठविला. व्यवसायाने मेंदूचे शल्यविशारद असलेल्या सिमिओनी यांनी २००८ साली आपले संग्रहालय लोकांसाठी खुले केले. गाडीचा मूळ रंग व मूळ पत्रा एकदा गेला की तो कोणत्याही कौशल्याने परत येत नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या संग्रहातील १९६४ ची 'कोब्रा डेटोना कूपे' ही जीर्णोद्धार न केलेली गाडी २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहननोंदीतील पहिली नोंद ठरली. सिमिओनी २०२२ साली निवर्तले.

जीर्णोद्धार हा शब्द मराठीत देवळाच्या संदर्भात रूढ आहे. भाविकाला अखंड मूर्ती हवी असते. संशोधकाला भंगलेल्या मूर्तीचाही उपयोग असतो. वाहनसंग्रहालयाला या दोघांचेही समाधान करावयाचे असते आणि प्रत्येक वाहनागणिक त्याचे उत्तर बदलणे स्वाभाविक आहे. मात्र पोथीचा संपादक जसा स्वीकारलेल्या पाठाबरोबर टाकलेले पाठही तळटीपेत नोंदवितो, तसे कोणता भाग जुना, कोणता नवा आणि दुरुस्तीपूर्वी काय होते, याची नोंद ठेवणे हे संग्रहालयाचे कर्तव्य होय. ती नोंद नसेल, तर उत्तम रीतीने दुरुस्त केलेली गाडी डोळ्यांना सुखावील. इतिहासाचा साक्षीदार म्हणून तिची साक्ष मात्र ग्राह्य धरता येणार नाही.