हृद्‌रोहिणी विकार : कारणे व पूर्वसूचक लक्षणे यांच्या ज्ञानाचा इतिहास

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या दोन रोहिण्या महारोहिणीच्या मुळाशी उगम पावतात व हृदयाच्या पृष्ठभागावर मुकुटासारख्या पसरतात. त्यांना हृद्‌रोहिण्या म्हणतात. त्यांच्या भित्तीत मेदयुक्त थर साचून पोकळी अरुंद होणे आणि अशा जागी रक्ताची गुठळी धरून प्रवाह थांबणे, या दोन घटनांतून अनुक्रमे हृद्‌शूल आणि व्यवहारात ज्याला हृदयविकाराचा झटका म्हणतात तो हृद्‌स्नायूचा स्थानिक मृत्यू उद्‌भवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये हृदय व रक्तवाहिन्या यांच्या रोगांनी जगात सु. १ कोटी ७९ लक्ष माणसे मृत्यू पावली. सर्व मृत्यूंशी हे प्रमाण ३२% होते. या विकाराच्या इतिहासात एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. त्याची पूर्वसूचक लक्षणे अठराव्या शतकातच अचूकपणे नोंदली गेली होती; परंतु हृद्‌रोहिणीतील अवरोधाचे निदान रुग्ण जिवंत असताना करता येते हे मान्य होण्यास त्यानंतर सु. दीडशे वर्षे लागली. लक्षणे दिसू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून रोग शरीरात वाढत असतो, हे कळण्यास तर विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

चरकसंहितेत हृद्‌रोगाचे पाच प्रकार वर्णिले आहेत आणि सुश्रुतसंहितेत हृच्छूलाचा उल्लेख येतो. ही वर्णने दोषांच्या प्रकोपाच्या कल्पनेवर आधारलेली असल्याने त्यांची आजच्या एखाद्या रोगाशी सरळ सांगड घालणे योग्य होणार नाही.

आधुनिक वैद्यकातील पहिले स्पष्ट वर्णन विल्यम हेबर्डन (१७१०–१८०१) या इंग्रज वैद्यांचे होय. २१ जुलै १७६८ रोजी लंडन येथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढे त्यांनी छातीच्या एका विकाराविषयी निबंध वाचला. तो १७७२ मध्ये छापला गेला. चालताना, विशेषतः चढ चढताना व जेवणानंतर लगेच, छातीत आवळल्यासारखी वेदना होते, ती आणखी वाढली तर जीव जाईल असे रुग्णास वाटते, आणि तो उभा राहताच ती नाहीशी होते. पुष्कळदा ती डाव्या बाहूत उतरते. काही महिन्यांनी ती विश्रांतीतही येऊ लागते व अशा रुग्णास अकस्मात मृत्यू येऊ शकतो, असे त्यांनी लिहिले. गळा आवळणे या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यांनी विकारास ‘अँजायना पेक्टोरिस’ हे नाव दिले. पुढे त्यांच्या पाहण्यात सु. शंभर रुग्ण आले. त्यांत स्त्रिया अवघ्या तीन होत्या आणि बहुतेक पुरुष पन्नाशीच्या आसपासचे वा त्यापुढचे होते. हा पुरुषांचाच विकार आहे, ही दीर्घकाळ टिकलेली समजूत येथून सुरू झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

हेबर्डन यांना कारण मात्र सापडले नाही. त्यांचा निबंध वाचून एका अनामिक गृहस्थाने १७७२ मध्ये त्यांना पत्र लिहिले. आपले वय बावन्नाव्या वर्षात असून आपल्याला हीच लक्षणे आहेत. अकस्मात मृत्यू आल्यास आपल्या देहाचे विच्छेदन करून कारण शोधावे, असे त्याने कळविले होते. तीन आठवड्यांच्या आतच तो मृत्यू पावला. प्रसिद्ध शल्यविशारद जॉन हंटर (१७२८–९३) यांनी विच्छेदन केले. त्या वेळी त्यांचे तरुण शिष्य एडवर्ड जेन्नर (१७४९–१८२३) उपस्थित होते. हृदय वरवर निरोगी दिसले आणि हृद्‌रोहिण्या कोणी उघडून पाहिल्याच नाहीत. देह देणाऱ्याने आपले काम केले होते. कोठे पाहावे हे पाहणाऱ्यांना ठाऊक नव्हते.

ते प्रथम ध्यानी आले जेन्नर यांच्या. पुढे देवीच्या लशीमुळे कीर्ती पावलेल्या या वैद्यांनी हृद्‌शूलाने मृत्यू पावलेल्या एका रुग्णाचे हृदय कापत असता सुरी कशावर तरी करकरली व तिला खाच पडली. जुन्या छताचा गिलावा खाली पडला असावा, असे वाटून त्यांनी वर पाहिले. प्रत्यक्षात हृद्‌रोहिण्या हाडासारख्या कठीण झाल्या होत्या. या निष्कर्षाचा जेन्नर यांनी गाजावाजा केला नाही, त्याचे कारण वैद्यकीय नव्हते. त्यांचे गुरू हंटर यांना स्वतःलाच हृद्‌शूलाचे झटके येत असत आणि या रोगाचे मूळ असाध्य आहे हे त्यांना समजले तर धक्का बसेल, अशी भीती जेन्नर यांना वाटत होती. संताप झाला की आपली वेदना उसळते हे हंटर यांना अनुभवाने माहीत होते. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयातील सभेत वादावादी झाली, ते खोलीबाहेर पडले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. शवपरीक्षेत त्यांच्या हृद्‌रोहिण्या कठीण झालेल्या आढळल्या. त्यानंतर केलेब हिलिअर पॅरी (१७५५–१८२२) यांनी १७९९ मध्ये आपल्या ग्रंथात जेन्नर यांचे पत्र प्रसिद्ध करून हृद्‌शूल व हृद्‌रोहिण्या यांचा संबंध जाहीरपणे मांडला. दहा वर्षांनी ग्लासगोच्या ॲलन बर्न्स (१७८१–१८१३) यांनी त्याची उपपत्ती सांगितली : हातापायाला घट्ट बंध बांधून श्रम केले तर तो अवयव जसा लवकर थकतो, तसेच रक्त अपुरे मिळणाऱ्या हृदयाचे होते. ही कल्पना आजही टिकून आहे.

एवढे झाल्यावर वाट मोकळी व्हावयास हवी होती. तसे झाले नाही. १८१६ मध्ये स्टेथॉस्कोपचा शोध लागला आणि वैद्यांचे सारे लक्ष कानाने कळणाऱ्या झडपांच्या विकारांकडे वळले. हृद्‌रोहिण्या अरुंद झालेल्या हृदयाचे ध्वनी पुष्कळदा सर्वस्वी प्राकृत असतात. त्यामुळे जे ऐकू येत नाही ते हृदयाचे दुखणे नव्हे, असा ग्रह होऊन हृद्‌शूलास मज्जातंतूंचा विकार समजणारे अनेक निघाले. उपचार मात्र पुढे गेले. लॉडर ब्रंटन यांनी १८६७ मध्ये अमिल नायट्राइट व विल्यम मरेल यांनी १८७९ मध्ये नायट्रोग्लिसरीन हृद्‌शूलावर गुणकारी असल्याचे दाखविले. सुरुंगाच्या दारूत वापरले जाणारे हे द्रव्य पुढे त्या दारूचे जनक ॲल्फ्रेड नोबेल यांनाच हृद्‌शूलासाठी घ्यावयास सांगण्यात आले.

दुसरी अडचण अधिक खोल होती. हृद्‌रोहिणीत अकस्मात अवरोध झाला तर मृत्यू तत्काळच येणार, असे प्राण्यांवरील प्रयोगांवरून मानले जाई. साहजिकच जिवंत रुग्णात असे निदान करण्याचा विचार कोणी करीत नसे. कीव्ह येथील ओब्रास्त्सॉव्ह व स्त्राझेस्को यांनी १९१० मध्ये आणि शिकागोचे जेम्स हेरिक (१८६१–१९५४) यांनी १९१२ मध्ये ही समजूत मोडून काढली. हेरिक यांचा रुग्ण पंचावन्न वर्षांचा होता. जेवणानंतर तासाभराने त्याच्या छातीच्या खालच्या भागात तीव्र वेदना सुरू झाली. मळमळ होऊ लागल्यामुळे काहीतरी बाधले असावे असे समजून त्याने मुद्दाम वांती काढली. तो बावन्न तास जगला आणि शवपरीक्षेत डाव्या हृद्‌रोहिणीत ताजी गुठळी आढळली. अवरोध झाल्यावर माणूस काही तास, काही दिवस किंवा पुढे पुष्कळ वर्षेही जगू शकतो, असे हेरिक यांचे प्रतिपादन होते. प्रारंभी त्याकडे कोणी लक्ष दिले नाही. व्हिलेम आइंटहोव्हेन (१८६०–१९२७) यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सिद्ध केलेल्या विद्युत् हृल्लेखन यंत्रावर अशा रुग्णांच्या हृल्लेखांतील विशिष्ट बदल १९१८–२० या काळात दाखविता आले, तेव्हाच वैद्यकाने हे निदान स्वीकारले.

छातीतील वेदना पोटाची समजली जाणे ही चूक त्या एका रुग्णापुरती नव्हती. सप्टेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझनहौअर यांना डेन्व्हर येथे झटका आला, तेव्हाही प्रथम पचनाची तक्रार म्हणूनच ती बातमी वृत्तपत्रांना देण्यात आली होती.

कारणांचा शोध वेगळ्या मार्गाने चालला होता. सेंट पीटर्सबर्ग येथे निकोलाय अनिचकोव्ह (१८८५–१९६४) व त्यांचे सहकारी खालाटोव्ह यांनी १९१३ मध्ये सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले आणि त्यांच्या रोहिण्यांत मानवी विकारासारखे थर निर्माण केले. उंदीर व कुत्रा यांत तसे घडत नसल्याने सशावरून माणसाचे अनुमान काढू नये, असा आक्षेप आला व विषय मागे पडला. रोहिण्या कठीण होणे हा वार्धक्याचा अटळ परिणाम आहे, ही समजूत कायम राहिली. तिला मोठा तडा गेला तो १९५३ मध्ये. कोरियातील युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकी सैनिकांच्या हृदयांची तपासणी करण्यात आली. त्यांचे सरासरी वय बावीस वर्षे होते. त्यांच्यापैकी ७७ टक्क्यांहून अधिक जणांच्या हृद्‌रोहिण्यांत विकाराच्या खुणा डोळ्यांना दिसण्याजोग्या होत्या.

रक्तदाबाबद्दलची समजूत तर याहून घातक होती. कठीण रोहिण्यांतून रक्त ढकलण्यास वाढलेला दाब आवश्यकच असतो व तो उतरविणे धोक्याचे, असे मान्यवर वैद्यही मानीत. अध्यक्ष फ्रँक्लिन रूझव्हेल्ट यांचा दाब मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होता. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू येण्यापूर्वी तो ३०० च्या वर गेला होता. तो निश्चितपणे कमी करील असे सोसवणारे औषधही त्या काळी नव्हते. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील १४३ पुरुषांवरील चाचणीचे निष्कर्ष १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचा प्रसरणकालीन दाब ११५ ते १२९ होता. औषध न दिलेल्या गटात २७ जणांना व दिलेल्या गटात दोघांना गंभीर उपद्रव झाले. इतके स्पष्ट उत्तर वैद्यकीय चाचण्यांत क्वचितच मिळते.

जून १९४८ मध्ये अमेरिकेत राष्ट्रीय हृदयविषयक कायदा संमत झाला आणि त्याच वर्षी मॅसॅचूसेट्स राज्यातील फ्रेमिंगहॅम या गावी दीर्घकालीन पाहणी सुरू झाली. ५,२०९ निरोगी स्त्री-पुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करावयाची आणि कोणास रोग होतो ते पाहत राहावयाचे, अशी तिची योजना होती. रुग्णापासून मागे जाण्याऐवजी निरोगी माणसापासून पुढे जाण्याची ही पद्धत खर्चिक व सावकाश असते. परंतु कारण आधी व कार्य नंतर हा क्रम तिच्यातच पडताळता येतो. सहा वर्षांच्या निरीक्षणांवरून १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात विल्यम कॅनेल, टॉमस डॉबर व सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाब व रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल यांचा संबंध मांडून ‘जोखीम घटक’ ही संकल्पना रूढ केली. धूम्रपान व मधुमेह यांचे स्थानही पुढे निश्चित झाले. दरम्यान १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसगाड्यांतील दिवसभर बसून राहणारे चालक व दुमजली गाडीत जिने चढउतार करणारे वाहक यांची तुलना करून वाहकांत हा विकार कमी असल्याचे दाखविले. यकृतातील कोशिका रक्तातील कोलेस्टेरॉल कसे उचलतात याचे स्पष्टीकरण देणारे मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टाइन यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आकिरा एंडो यांनी बुरशीतून वेगळ्या केलेल्या द्रव्यापासून आरंभ झालेली स्टॅटिन औषधे १९८७ पासून उपलब्ध झाली.

गुठळी हे झटक्याचे कारण की परिणाम, हा वाद मात्र १९८० पर्यंत चालू होता. स्पोकॅन येथील मार्कस डीवुड यांनी वेदना सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत रुग्णांचे हृद्‌रोहिणी चित्रण केले, तेव्हा ८७ टक्क्यांमध्ये रोहिणी पूर्ण बंद आढळली. उशिरा तपासलेल्यांत हे प्रमाण कमी होते. यावरून गुठळी हेच कारण ठरले आणि ती विरघळविण्याच्या उपचारास आधार मिळाला. इटलीतील १९८६ च्या चाचणीत पहिल्या तासाभरात स्ट्रेप्टोकायनेज दिलेल्या रुग्णांतील मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. उशीर होईल तसा लाभ कमी झाला. १९८८ च्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत या औषधाबरोबर साधी ॲस्पिरीन दिल्यास मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी होतात असे दिसले. पुढे फुग्याने रोहिणी उघडण्याची पद्धत सर्वत्र आली, तरी वेळेचे महत्त्व तसेच राहिले.

म्हणून हेबर्डन यांच्या लक्षणांना आज निराळे मोल आहे. श्रमाने येणारी व थांबताच जाणारी छातीतील दडपण ही तपासणीस सवड देणारी सूचना होय. तीच वेदना वारंवार, अधिक सहज किंवा विश्रांतीत येऊ लागली, अथवा काही मिनिटांत न ओसरता घाम, धाप, मळमळ यांसह जबडा, पाठ, बाहू वा पोटाच्या वरच्या भागात पसरली, तर सवड उरलेली नसते. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांत छाती फारशी न दुखता केवळ धाप, मळमळ किंवा असाधारण थकवा हेच लक्षण असू शकते. फ्रेमिंगहॅमच्या पाहणीत चौथ्या हिश्शाहून अधिक झटके नेमाच्या हृल्लेखातच प्रथम उघडकीस आले; त्यांपैकी सु. निम्म्यांत रुग्णास काहीच जाणवले नव्हते.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आढळते. सिंगापूरमधील शवपरीक्षांच्या नोंदींवरून तेथील भारतीयांत हा विकार चिनी लोकांपेक्षा कित्येक पटींनी अधिक असल्याचे १९५९ मध्येच प्रसिद्ध झाले होते. सलीम युसूफ यांच्या नेतृत्वाखाली ५२ देशांत झालेल्या व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, पोटावरील मेद, रक्तातील मेदद्रव्ये, आहार, व्यायाम, मद्य व मानसिक ताण या नऊ बाबींनी जगातील सर्व वंशांत बहुतांश झटक्यांचे स्पष्टीकरण होते असे दिसले; मात्र दक्षिण आशियात पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी, तर इतर देशांत सु. ५९ व्या वर्षी आला होता. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी जवळच्या खेड्यांतील नवजात अर्भकांची इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या अर्भकांशी तुलना केली. पुण्याकडील बालकांचे सरासरी वजन २·७ किग्रॅ., तर तिकडील बालकांचे ३·५ किग्रॅ. होते, पण स्नायू व इतर अवयव लहान असूनही त्वचेखालील मेद तुलनेने टिकून होता. दिसण्यात कृश असलेल्या माणसातही मेदाचे प्रमाण अधिक असू शकते, हे लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ञगटाने आशियाई लोकांसाठी उंची व वजन यांच्या गुणोत्तराची सावधगिरीची पातळी २३ असावी, असे २००४ मध्ये सुचविले.