तळटीप : गाळातले विनाऑक्सिजन सूक्ष्मजीव

* उन्हाळ्यात शिवना नदीच्या डोहात किंवा कन्नड तालुक्यातल्या एखाद्या पाझर तलावात काठी खुपसली, की बुडबुडे वर येतात आणि सडक्या अंड्याचा वास सुटतो. बुडबुडे मुख्यतः मिथेनचे, वास हायड्रोजन सल्फाइडचा. काळेपणा लोहाच्या सल्फाइडमुळे येतो. म्हणूनच उपसून शेतात पसरलेला गाळ हवा लागताच तांबूस पडू लागतो.

ही सगळी कामे एकाच जातीची नाहीत. सल्फेटवर श्वसन करणारा जिवाणू बायरिंक यांनी १८९५ मध्ये डेल्फ्ट येथे ओळखला आणि आकारावरून त्याला स्पिरिलम प्रजातीत बसवले. पुढे तो डिसल्फोव्हिब्रिओ झाला. मिथेन तयार करणारे तर जिवाणूच नव्हेत. वूज आणि फॉक्स यांनी १९७७ मध्ये रायबोसोममधील आरएनएची तुलना करून त्यांचा स्वतंत्र गट मांडला, तो आजचा आर्किया. प्रस्तुत लेखकाने दोघांना सरसकट ‘जिवाणू’ म्हटले आहे. वाचकांनी हा भेद जरूर ध्यानात ठेवावा.

नव्या जिवाणूचे नाव ग्राह्य ठरायचे तर त्याचा शुद्ध संवर्ध दोन वेगळ्या देशांतील संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्याचे राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र हा असाच एक संग्रह. पुण्याच्या नावाची एक विनाऑक्सिजन जातही आहे, क्लॉस्ट्रिडियम पुनेन्से; मात्र ती गाळातली नव्हे, मानवी विष्ठेतून मिळालेली. ज्यांचा केवळ जनुकक्रम हाती आला, संवर्ध साधला नाही, त्यांच्या नावाआधी ‘कँडिडेटस’ लावतात. — संपा.