'पुरे' कोणी म्हणायचे?

बऱ्हाणपूरच्या शनवारा दरवाजाच्या नावात मराठी माणसाला आपला 'शनवार' सहज ऐकू येतो. या शहरात पंगतीला बसलेला माणूस पानावर आडवा हात धरून तीनपैकी कोणताही शब्द उच्चारू शकतो: पुरे, बस किंवा काफी. 'बस' फारसी, 'काफी' अरबी. फारुकी सुलतानांनी वसवलेल्या आणि 1601 मध्ये अकबराच्या हाती गेलेल्या नगरीत हे शब्द रुजले, यात नवल नाही. 1760 च्या उदगीरच्या लढाईनंतर हे शहर मराठ्यांकडे आले. पण त्या शब्दांना कोणी हुसकावून लावले नाही. 'बस' तर आज मराठीच झाला आहे.

'पुरे' मात्र मूळचा घरचा. तो 'पुरणे' या क्रियापदाचे जुने रूप असून त्याचा अर्थ 'भागते' असा. पुरेसा, पुरवठा, पुरवणी, अपुरा हे सारे त्याचेच गणगोत. हिंदी 'पूरा' म्हणजे संपूर्ण; मराठी 'पुरे' म्हणजे गरजेइतके. सरहद्दीवरच्या माणसाने हा भेद विसरू नये. याच धातूपासून आलेला 'पुरता' शब्दाला चिकटला की अर्थ आणखी आक्रसतो: नावापुरता, कामापुरता, घरापुरता.

आपल्या मराठीचे नेमके हेच झाले. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि हिंदीबरोबर मराठीही राज्यभाषा होती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूरसह विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. बऱ्हाणपूर ज्या निमाड जिल्ह्यात होते तो नव्या मध्य प्रदेशात राहिला. काल राज्यकारभारात असलेली भाषा येथे घरापुरती होऊ लागली.

त्याच दिवशी सातवी घटनादुरुस्ती अमलात आली आणि संविधानात अनुच्छेद 350क दाखल झाला. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व स्थानिक प्राधिकरणाने करावा, असे तो सांगतो. हिंदी पाठात येथे 'पर्याप्त' हा शब्द आहे. परंतु 'पुरेसे' म्हणजे किती, हे अनुच्छेद सांगत नाही. 1949 च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने एक माप सुचवले होते: संपूर्ण शाळेत त्या भाषेचे 40 किंवा एका वर्गात 10 विद्यार्थी असले, तर शिक्षक द्यावा. माप असे ठरले की ते भरल्याचा निर्णय मोजणाऱ्याच्या हाती जातो. मुले कमी म्हणून शिक्षक नाही, आणि शिक्षक नाही म्हणून मुले कमी, असे चक्र मग सुरू होते.

येथे पंगतीचा रिवाज आठवावा. वाढणारा 'अजून घ्या' म्हणतो; 'पुरे' म्हणण्याचा अधिकार जेवणाऱ्याचा. वाढप्यानेच 'तुम्हाला एवढे पुरे' म्हटले, तर त्याला आदरातिथ्य कोणी म्हणणार नाही. 'पुरेशा सोयी' या शब्दांचाही अर्थ याच न्यायाने लावला पाहिजे. सोय पुरेशी आहे की नाही, हे ठरवताना ज्यांची मुले वर्गात बसायची आहेत त्यांचे म्हणणे आधी ऐकले जावे. त्यासाठी पालकांनी मागणी लेखी द्यावी, मुलांची संख्या नोंदवावी आणि पोच जपून ठेवावी. न मागणाऱ्याचे मौन दप्तरी 'पुरे' असेच वाचले जाते.

मराठीत 'पुरून उरणे' असाही एक प्रयोग आहे. सहा दशकांहून अधिक काळ ही भाषा सरहद्दीला पुरून उरली आहे. तिला घरापुरती ठेवायची की शाळेपर्यंत न्यायची, हे आता आपल्या अर्जांवर अवलंबून आहे.