नकली बंदुकीची वंशावळ

तान्ह्या पोळ्याला बाभुळगावची पोरं लाकडी बैल घेऊन घरोघर जातात. मिळालेल्या बोजाऱ्यातला, म्हणजे खाऊच्या पैशांतला, बराचसा भाग खेळण्यांच्या दुकानात जातो आणि तिथं काळी पिस्तुलं टांगलेली असतातच. मूठ खऱ्यासारखी, मॅगझिन काढता-घालता येणारं. खेळण्याला हे रूप फार उशिरा आलं.

बस्तरात गोंचाच्या रथयात्रेत अजून तुपकी चालते. बांबूची पोकळ नळी, त्यात पेंगाचं कच्चं फळ आणि मागून दट्ट्या. आवाज खणखणीत, लागलं तर चुणचुण. पण ती पाहून कोणी हात वर केले असतील, हे शक्य नाही.

व्हाइसरॉय लिटनच्या काळातल्या १८७८च्या शस्त्र कायद्यानंतर परवान्याची खरी बंदूक गावात क्वचितच, एखाद्या देशमुखाच्या वाड्यात दिसे. पोरांना तिचा आवाज तेवढा माहीत. तो आवाज टिकल्यांनी पुरवला. टिकल्यांची पिस्तुलं अमेरिकेत १८६५च्या सुमारास, यादवी युद्ध संपल्यावर निघाली. युद्धाची मागणी आटल्यावर बंदुकांचे कारखानदार खेळण्यांकडे वळले. पुढं १८८०च्या दशकात मिशिगनमधला पवनचक्क्यांचा एक कारखाना शेतकऱ्यांना पवनचक्कीबरोबर छर्ऱ्यांची बंदूक भेट देऊ लागला. पवनचक्की मागं पडली आणि त्या बंदुकीचं ‘डेझी’ हेच नाव कारखान्यानं घेतलं.

तरीही टिकलीचं पिस्तूल टिकलीचंच दिसायचं. खरी कलाटणी जपानची. तिथं सामान्य माणसाला पिस्तूल बाळगता येत नाही, म्हणून हौशी लोकांसाठी हुबेहूब प्रतिकृती बनू लागल्या. त्या इतक्या साधल्या की १९७१मध्ये सरकारला धातूच्या नकली पिस्तुलांना पांढरा किंवा पिवळा रंग सक्तीचा करावा लागला. त्याच दशकात प्लास्टिकचे छर्रे उडवणारी ‘एअरसॉफ्ट’ तिथंच जन्मली. आपल्या दुकानातलं काळं पिस्तूल याच शाखेतलं.

अमेरिकेला जाग आली ती १९८७मध्ये. लॉस एंजेलिसच्या एका दूरचित्रवाणी केंद्रात एक माणूस थेट प्रक्षेपणात घुसला, निवेदकावर पिस्तूल रोखलं आणि कागद वाचायला लावला. पिस्तूल खेळण्यातलं निघालं. पुढच्याच वर्षी नकली बंदुकीच्या तोंडाला नारिंगी खूण लावण्याचा कायदा झाला. पण खूण काढता येते. २०१४मध्ये क्लीव्हलँडच्या बागेत बारा वर्षांच्या तामिर राईसकडे अशीच खूण नसलेली एअरसॉफ्ट होती. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि काही क्षणांतच त्याला गोळी लागली.

आपला १९५९चा शस्त्र कायदा वेगळ्या वाटेनं जातो. खेळण्याखेरीज कशालाही उपयोगी नाही आणि चालत्या शस्त्रात बदलताही येत नाही, अशी वस्तू ‘शस्त्र’ नव्हे, असं त्याची व्याख्या सांगते. २०१६च्या नियमांनी एअरगनसाठी रेघ आखली: २० जूलपेक्षा जास्त जोर किंवा ०.१७७ इंचापेक्षा मोठी नळी असेल तर परवाना लागतो. सगळी मापं बंदूक काय करू शकते याची. ती कशी दिसते, हे या मापांत येत नाही. कायद्याच्या बाजूनं हे तर्कशुद्धच आहे, पण ज्याच्यावर ती रोखली जाते त्याला फक्त दिसणंच उपलब्ध असतं. जप्त पिस्तूल न्यायवैद्यक प्रयोगशाळेत निवांत तपासता येतं. समोरच्या शिपायाला पापणी लवायचीही सवड नसते.

उलटी गफलतही होते. रोही आणि रानडुकरं हाकलायला जागलीवरचे शेतकरी प्लास्टिकच्या पाइपची बंदूक वापरतात. कार्बाइडवर पाणी पडलं की ॲसिटिलीन तयार होतो, ठिणगी मिळाली की बार होतो. दिसायला नळाचा तुकडा, म्हणून पोरांच्या हातीही जातो. २०२५च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, मुख्यतः भोपाळला, याच पाइपांनी शंभरावर लोकांचे डोळे जखमी केले. त्यात मुलंच जास्त. बार झाला नाही म्हणून त्यातली बरीच नळीत डोकावली होती.

त्यानंतर दहाच दिवसांनी, ३० ऑक्टोबरला, मुंबईत पवईच्या एका स्टुडिओत एकानं १७ मुलांना ओलीस धरलं. पोलीस न्हाणीघराच्या वाटेनं आत शिरले, गोळी चालली, तो माणूस दगावला. मुलं सुखरूप सुटली. त्याच्याजवळ सापडली ती एअरगन.